नागपूरची वाट

सावळझरी, तालुका हिंगणघाट
८ डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमाले आजीचा जय भीम. हे पत्र वाचतानी ताठ बसजो. तू पाठीत वाकून कॉम्प्युटरपुढं बसते असं तुही माय सांगत होती.

बोलून राह्यली मी, लिहून राह्यली तुही मामी दीपमाला. तिले सांगून ठेवलं का मी बोलतो तसंच लिही, माह्या बोलन्याले शाळेचा गनवेश घालू नको. फोन कर, फोन कर, असं सारे म्हनतात. पन फोन कानाले लावला का आत कोनी फुटाने भाजून राह्यलं असं वाटते. पत्राचं बरं हाय. नाई समजलं तर सुनेले पुन्यांदा वाचाले लावता येते. अन् आता क्यामेऱ्याची चिप तुह्याकडं पाठवाचीच हाय, तर तिच्यासंगं कागदबी येऊ दे.

तुह्या सिंदी मेघेच्या मंडळानं आमच्या बचत गटाच्या बायाइले क्यामेरा दिला अन् सांगतलं का आपल्या गावातल्या संडासाची फिल्म आपनच काढा, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत दाखवू. तवापासून दीपमाला घरात नाई. म्हनजे घरातच हाय, पन डोयाले क्यामेरा लावून हाय. परवा वांग्याची भाजी करपली. मी ओरडली तर म्हनते, थांबा आत्याबाई, धुरात उजेड लय चांगला दिसून राह्यला.

शेजारच्या अन्नपूर्णाबाईची मुलाखत घेतली. तिनं लेकीच्या लग्नातलं पातळ घातलं, तोंडाले पावडर लावली, अन् म्हनली, "आमच्या गावात घरोघरी शौचालय आहे. कोणीही बाहेर जात नाही." "आहे" बरं का, "हाय" नाई. मंग घरात गेली, पातळ बदललं, अन् डबा घेऊन गावाबाहेर गोदरीकडं निघाली. मीबी संगं गेली, गप्पाले. आमच्या वाटेवर गोखरू लय, म्हनून मी तुह्या मामाचे जुने प्लास्टिकचे बूट घालतो. दीपमाला क्यामेरा गळ्यात लटकवून आमच्या मागं.

चिप अन्नपूर्णाच्या जावयाच्या हाती देऊन राह्यली. तो रोज वर्ध्याले नोकरीले जातो. त्याले चहा पाजजो, बिस्किट नको देऊ, सारा पुडा खाते.

तुही आजी,
आनंदाबाई
(अंगठा उमटवायचा हट्ट होता. खालचा निळा डाग आत्याबाईंचा. — दीपमाला)


सिंदी मेघे, वर्धा
१४ डिसेंबर २०२४

प्रिय आजी,
जय भीम. ताठ बसूनच लिहिते आहे.

चिप मिळाली. जावयांनी बिस्किटांचा पुडा संपवला, उशीर झाला तुझं पत्र वाचायला.

आधी मामीसाठी. मामी, चिपमध्ये एकही मुलाखत नाही. अन्नपूर्णाबाईंचं पातळ नाही, पावडर नाही. आहेत ते फक्त पाय. वाटेवर चालणारे बायकांचे पाय, हातातल्या डब्यांचे तळ, धूळ, मध्येच एक शेळी. आणि वरून तुमच्या सगळ्यांच्या गप्पा, अगदी स्वच्छ ऐकू येणाऱ्या. मला वाटतं तुम्ही बटण उलटं दाबत होता. पडद्यावर लाल ठिपका दिसतो तेव्हा क्यामेरा चालू असतो.

आता तुझ्यासाठी, आजी. त्या गप्पांमध्ये तुझा आवाज आहे. तू अन्नपूर्णाबाईंना म्हणतेस, "रात्री नागपूरले जानं आता गुडघ्याले झेपत नाई. म्हनून मी सांजची भाकरच सोडली. पोटात नाई गेलं तर नागपूरची खेप वाचते."

मी ते चार वेळा ऐकलं. आजी, तू नागपूरला कशासाठी जातेस? कोणत्या दवाखान्यात? आणि डॉक्टरांनी उपाशीपोटी बोलावलंय का? आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. आईला मी अजून बोलले नाही, ती लगेच रडत गाडीत बसेल. मामाला फोन केला तर तो म्हणाला, आई एकदम ठणठणीत आहे, मागच्या आठवड्यात तर हिंगणघाटलाही गेली नाही. मग खोटं कोण बोलतंय?

लगेच उत्तर पाठव. जावयांना दोन पुडे देईन.

तुझी,
पौर्णिमा


सावळझरी
१९ डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमा,

तुहं पत्र दीपमालानं वाचलं अन् आमी दोघी इतक्या हासलो का अन्नपूर्णा धावत आली, तिले वाटलं कोनी गेलं. मंग तिले सांगतलं, तर ती ओट्यावरच बसली पोट धरून.

अव पोरी, नागपूर म्हनजे नागपूर नाई. नागपूर म्हनजे गोदरी. चार मानसाइत बाईनं कसं सांगावं का मी कुठी चालली? आमची वाट विहाराच्या मागून निघते अन् पुढं नागपूरच्या सडकेले लागते, म्हनून आमच्या सासवाइनं नाव पाडलं. "चाल व, नागपूरले जाऊन येऊ." मानसाइले अजून वाटते का आमाले नागपूरचं लय कौतुक. नवी सून आली का तिले चूल दाखवाच्या आधी हे शिकवा लागते. तुही मामी आली तवा शिकवाचं राहून गेलं. संध्याकाळी अन्नपूर्णा दारातून म्हनली, नवरीबाई, येता का नागपूरले? तर ही बाई आत गेली, हिरवं पातळ नेसून, केसाले फूल लावून बाहेर आली.
(खरं आहे. पर्सपण घेतली होती. — दीपमाला)

तुह्या मायनं तुले हे सांगतलं नाई याचं नवल वाटते. वर्ध्याले गेल्यावर बाई लयच सुधरली.

लाल ठिपक्याचं म्हनशील तर दीपमालाची चूक नाई. हिंगणघाटच्या चौकात लाल लागला का सारे थांबतात. तिले वाटलं क्यामेराबी थांबला. मुलाखत सुरू कराची असली का ती लाल ठिपका घालवे, अन् मुलाखत संपली का परत लाल लावून गळ्यात अडकवे. तिच्या हिशेबानं बरोबरच होतं.

भाकरीचं मनावर घेऊ नको. वय झालं, भूक मरते. लेकरं दोन्ही वेळ जेवतात, बुढ्या एक वेळ. सारं ठीक हाय.

आनंदाबाई

(पौर्णिमा, आत्याबाईंना वाटतं पत्र संपलं. पुढचं मी माझ्या मनानं लिहिते. ठीक नाही. आपल्या घरचा संडास बांधला तेव्हापासून एकच वर्ष वापरला. त्यात तुझ्या मामानं कापूस भरला आहे, छतापर्यंत. बाहेरून कुलूप. आत्याबाई मागच्या महिन्यात अंधारात वाटेवर पडल्या. कोणाला सांगू नको म्हणाल्या. तेव्हापासून दुपारनंतर पाणीसुद्धा मोजकंच पितात. मी यांना, म्हणजे तुझ्या मामाला, कापूस काढा म्हणून दोनदा बोलले, तर भाव वाढू दे मग काढतो म्हणाले. आत्याबाई पडल्या आणि उपाशी राहतात, हे मात्र त्यांना माहीत नाही. — दीपमाला)


सिंदी मेघे
३० डिसेंबर २०२४

प्रिय आजी,

मला माफ कर, मी नागपूरवरून घाबरले. मंडळात सगळ्यांना सांगितलं, तर इथल्या एक ताई म्हणाल्या, आमच्याकडे आष्टीच्या बाजूला बायका "बाजारात" जातात. म्हणजे प्रत्येक गावाचं आपलं नागपूर आहे.

मामीनं पत्राच्या खाली जे लिहिलं ते मी वाचलं. तिच्यावर रागावू नको. रागवायचं तर माझ्यावर, मी दिवाळीत आले होते आणि त्या कुलपाकडे बघितलंसुद्धा नाही.

आता फिल्मबद्दल. मुलाखती पुन्हा घ्यायच्या असं ठरलं होतं, पण मला त्या नकोत. मुलाखतीत सगळ्या "आहे" म्हणतील. मी पायच ठेवणार आहे. सुरुवातीला गावाच्या वेशीवरचा "हागणदारीमुक्त ग्राम" हा फलक, मामीनं तो नंतर छान काढून पाठवला आहे. मग फलकाखालून जाणारे पाय. एकीची जोडवी, एकीच्या टाचेच्या भेगा, एकीचा पोटरीवरचा गोंदलेला विंचू, आणि तुझ्या पायातले बूट. चेहरा कोणाचाच नाही. वरून तुमच्या गप्पा. बघताना आधी हसू येतं. आणि मग तुझं ते भाकरीचं वाक्य येतं आणि हसू थांबतं.

ते वाक्य काढलं तर उरतात नुसते पाय. आजी, ते राहू देऊ का? तू नाही म्हणालीस तर काढेन. तुला न विचारता ठेवणार नाही.

आणि कृपा करून रात्री जेव.

तुझी,
पौर्णिमा


सावळझरी
६ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमा,

म्हनजे माह्या अंगठ्याखालीबी ही बाई लिहिते! मले तुह्या पत्रातून समजलं. वाचतानी तिथी आल्यावर खोकाले लागली, तवाच मी वळखलं. आता पत्र संपलं का मी कागदावर हात ठेवून बसनार हाय.

ते वाक्य काढजो. पाय ठेव, बूट ठेव, विंचूबी ठेव, तो अन्नपूर्णाचा हाय अन् तिले त्याचा लय तोरा हाय. पन भाकर काढजो.

कारन आयक. तुहा मामा वाईट नाई. मागच्या साली अवकाळी आला तवा ओसरीतला सारा कापूस भिजला, काळा पडला, त्यानं तो हातानं उलटापालटा करून उन्हात घातला अन् दोन दिवस त्याच्यापाशीच बसून राह्यला. आपल्या घरात पक्क्या सिलॅपची खोली एकच, ती संडासाची. गळत्या कवेलूच्या छपराखाली कापूस ठेवून तो झोपन कसा? त्याच्या जागी मी असती तर मीबी तिथीच भरला असता. त्याले वाटते बाया तशाबी हसत खिदळत नागपूरले जातात, त्याइले काय तरास? कोनी सांगतलं त्याले?

अन् जी गोष्ट मी पोटच्या पोराले सांगतली नाई, ती मी ग्रामसभेत सांगू? गाव म्हनन, चंद्रभान मायले उपाशी ठेवते अन् कापसाले पक्की खोली देते. बोलनाऱ्याचं तोंड मी धरू शकत नाई. माह्या भाकरीपाई लेकाची मान खाली नको.

एवढं आयक माह्या पोरी.

आनंदाबाई
(हात ठेवलेलाच आहे. बाजूला लिहिते आहे. — दी.)


सिंदी मेघे
११ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

काढते. तुझी गोष्ट तुझी आहे, तू म्हणशील तसं.

एकच विचारू? मामाची मान खाली जाऊ नये म्हणून तू गावाला सांगत नाहीस, हे कळलं. पण मामालाच का सांगत नाहीस? गावात तर तू नत्थूजी सरपंचांनासुद्धा तोंडावर बोलतेस.

सव्वीसला मला सावळझरीत येता येणार नाही, त्याच दिवशी आष्टीला आमची दुसरी फिल्म आहे. इथल्या ताई पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन येतील.

तुझी,
पौर्णिमा


सावळझरी
१८ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमा,

तू इचारलं काऊन नाई सांगत. मी आठ दिवस इचार केला. सांगाले बसली का तो समोर ताट घेऊन बसलेला राह्यते, अन् जेवत्या मानसापुढं संडासाची गोष्ट निघत नाई. जेवन झालं का तो झोपते. सकाळी तो वावरात. असं करता करता सांगाचंच राहून जाते. अन् खरं सांगू का, लाज वाटते व. त्याचं हागनं मुतनं मी काढलं, पन माहं त्याले कसं सांगू?

आता इकडची मजा आयक. तुह्या मामीनं परवापासून सांजचं जेवन सोडलं. मी म्हनलं काऊन? म्हनते, आत्याबाई, तुमची भूक मरते तर माही काऊन मरू नये? मी म्हनलं, सून होऊन सासूशी बराबरी करते का? तर म्हनली, हो. म्हनजे आता आमच्या घरी दोन बाया चुलीपुढं बसतात, भाकरी थापतात, अन् खात नाईत. काल चंद्रभाननं इचारलं, "आज काय पौर्णिमा हाय का, दोघी जेवत नाई?" मी म्हनलं, पौर्णिमा सिंदी मेघेले हाय. तो हासला अन् तिसरी भाकर घेतली. त्याले काहीच समजलं नाई. तवा मले वाटलं, असं नाई चालत. कोड्यानं बोललं तर त्याले जलमभर समजनार नाई.

दीपमाला उपाशी राहून वावरात निंदाले जाते. ते मले पाहावत नाई. मी बुढी हाव, माहं सोड.

म्हनून सांगतो. भाकर ठेव फिल्ममंदी. पन कोनाचं नाव घेऊ नको, कापसाचं नाव काढू नको. चेहरा तर नाईच हाय. अन् आवाजाचं काय, साऱ्या बुढ्याइचा आवाज सारखाच. कोनाले कोनती बुढी ते समजत नाई. आमच्या गावात भाकर सोडलेल्या बुढ्या मी एकटीच थोडी हाव. साऱ्याइच्या लेकाले वाटू दे का ही माहीच माय असन.

आनंदाबाई
(आज मी काही लिहीत नाही. भूक लागली आहे. — दीपमाला)


सावळझरी
२८ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमा,

ताठ बसली का? लंबं पत्र हाय. दीपमालाची दोन पेनं संपतीन.

परवा झेंडा झाल्यावर ग्रामसभा भरली. शाळेच्या मोठ्या खोलीत खिडक्याइले चादरी बांधल्या, अंधार केला. एरवी ग्रामसभेले बाया पाच अन् मानसं पंधरा, बाकी सह्या. या खेपेले पाय ठेवाले जागा नव्हती, काऊन का फिल्म आपल्याच गावची.

पहिले तो फलक आला. अन् फलकाखालून डबे चालले. नत्थूजी सरपंच उभाच राह्यला. म्हने, हे बंद करा, गावाची बदनामी हाय. फलकावर चांगलं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं हाय, हागणदारीमुक्त, हे बायाइले दिसत नाई का?

मी पहिल्या रांगेत बसली होती. मी म्हनलं, "नत्थूजी, दिसते, पन आमाले वाचता येत नाई ना. म्हनून आमी जातच राह्यलो. तुमी आधी वाचून दाखवलं असतं तर त्याच दिवशी थांबलो असतो."

सारी खोली हासली. नत्थूजीची बायको सगळ्यात जास्त. तो खाली बसला.

मंग पाय सुरू झाले, अन् पोरी, काय सांगू तुले. तुले वाटलं चेहरा नाई म्हनजे समजनार नाई. अव, या गावात आमी एकमेकाइले पायावरूनच वळखतो, डोक्यावर तर पदर राह्यते. जोडवी आली का मागून कोनी बोललं, हे तर दीपमालावहिनी, क्यामेऱ्यानं तिचेच पाय काढले. भेगा आल्या, हे आनंदवाडीची मावशी. विंचू आला तर अन्नपूर्णाचा नवरा अंधारात टाळ्या वाजवाले लागला. लगीन लागून राह्यल्यासारखी मजा. तुहा मामाबी मागच्या भिंतीले टेकून नावं सांगत होता. मंग पडद्यावर बूट आले. तो सगळ्याइच्या आधी ओरडला,

"अरे, हे तर माहे बूट!"

लोक हासले. अन् त्याच हासन्यात वरून माहा आवाज आला. भाकरीचा.

मले नीट आयकू येत नाई, तुले ठाऊक हाय. पन खोली चूप झाली ते मले आयकू आलं. पडद्यावर बूट चालूनच राह्यले होते. मी मागं पाह्यलं तर चंद्रभान भिंतीपाशी नव्हता. दार उघडं होतं.

दीपमाला पांढरी पडली. अन्नपूर्णा म्हनली, रागानं गेला. बुटाचा इचार मी केलाच नव्हता व. साऱ्या जगापासून लेकाले लपवलं अन् पायात त्याचेच बूट घालून गेली.

सभा संपेपर्यंत बायाइनं उठू दिलं नाई, दोन घंट्यानं आमी दोघी घरी निघालो. दारातून पाहतो तर माह्या खोलीत पाय टाकाले जागा नाई. कापूस, कापूस. खाटेवर, खाटेखाली, देव्हारा नाई आपल्या घरी पन बाबासाहेबाच्या फोटोच्या खालपर्यंत. अन् मागून ठोकल्याचा आवाज. जाऊन पाह्यलं तर संडास रिकामा, दार लावलेलं, अन् तुहा मामा आत.

झालं असं, का त्या दाराले बाहेरून कुलूप होतं, आतून कडीच नव्हती. गोदामाले आतून कडी कशाले लागते? तर त्यानं कापूस काढल्यावर नवी कडी ठोकली, अन् लागते का नाई पाहाले आतून लावून पाह्यली. लागली. अन् मंग उघडेच ना.

दीपमाला हातोडी आनाले धावली. मी दारापाशी बसली. माहा चांगला कान दाराले लावला. आतून तो म्हनला,

"आई, मले सांगतलं काऊन नाई?"

मी म्हनलं, "तू इचारलं काऊन नाई?"

त्यानं आतून कडी दोनदा खडखडवली. मंग म्हनला, "आई, इथी लय अंधार हाय. बल्ब लावा लागन."

मी म्हनलं, लाव बाबा, अन् पान्याची टाकीबी लाव, आत हायेस तोवर सारं पाहून घे. तवा तो आतून हासला, अन् मी बाहेरून. दीपमाला हातोडी घेऊन आली तर तिले वाटलं सासूले काही झालं, दाराशी बोलून राह्यली.

कडी उघडली. त्या सांजेले आमी तिघं जेवलो. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीबी घेतली असती, पन लेक मोजून राह्यला होता अन् त्याचे डोये भरून आले होते, म्हनून दोनावर थांबली.

नत्थूजीनंबी आपल्या संडासातून पंचायतीच्या खुर्च्या काढल्या असं म्हनतात. मी पाह्यलं नाई. अन्नपूर्णाच्या घरचं अजून भांडन सुरू हाय, तिच्या संडासात शेळीच्या चाऱ्याचं कुटार हाय. पन तिच्या नवऱ्याले विंचवाचा लय अभिमान वाटून राह्यला, तर ती जिंकन, तोवर ती आमच्याच संडासात येते.

मी आता कापसावर झोपतो. भाव वाढाचा तवा वाढू दे, मले घाई नाई, गादी नरम हाय. सकाळी दीपमाला आत जाते अन् कडी लावून उगीच बसते. मी बाहेरून ओरडतो, अव, बाहेर निंघ. ती म्हनते, थांबा आत्याबाई, इथी कोनी हाक मारत नाई.

एक गोष्ट राह्यली. काल सांजेले साऱ्याजनी विहारामागं जमल्या. कोनाच्याच हाती डबा नव्हता. एकमेकीकडं पाहून हासलो, अन् मंग अन्नपूर्णा म्हनली, चाला व, तरीबी जाऊन येऊ. म्हनून नागपूरले गेलो. पार सडकेपर्यंत, बोलत बोलत, अन् तशाच वापस.

तू येशील तवा तुलेबी नेतो. हिरवं पातळ नेसजो, पर्स आन. या खेपेले कोनी हासनार नाई.

तुही आजी,
आनंदाबाई